अण्णांसाठी हेडफोन

हेडफोन घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो, "यातला सगळ्यात चांगला कुठला?" माणूस पुण्याचा असो की न्युर्नबर्गचा, प्रश्न बदलत नाही. आणि जर्मनीत एर्लांगेनमधल्या ज्या दुकानात मी काम केलं, तिथे या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची मला मनाई होती.

मनाई आमच्या मालकांची, हेर म्हणजे श्रीयुत बाउअर यांची. उंच, किंचित वाकलेले, कायम एकाच करड्या स्वेटरमधले. ते म्हणायचे, "सगळ्यात चांगला बूट कुठला, असं कोणी विचारतं का? आधी पाय बघतात. आपण आधी कान बघायचा. आणि मग विचारायचं, कुठे बसून ऐकणार?"

मला तेव्हा हे फार हास्यास्पद वाटलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी या गावात आले. पुण्यातला माझा बँकेचा अनुभव इथे कोणाच्या उपयोगाचा नव्हता, आणि जर्मन जेमतेम भाजी घेण्यापुरतं येत होतं. या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून शिरले आणि एका हेडफोनवरून हेर बाउअरशी मोडक्यातोडक्या भाषेत इतका वाद घातला, की शेवटी त्यांनीच विचारलं, "काम करणार का?" असं ते काम सुरू झालं आणि पुढची बरीच वर्षं मी लोकांच्या कानांकडे बघण्यात घालवली.

खरं तर यात फार मोठी विद्या नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घरासाठी चांगला. पण उन्हाळ्यात आत घाम येतो आणि चष्मा असेल तर काडी टोचते. कानात खोचायचे छोटे इअरफोन बसमध्ये सोयीचे; पण प्रत्येकाच्या कानाचं भोक वेगळं, रबर नीट बसलं नाही तर महागातलाही डबड्यासारखा वाजतो. काहींची पाठ उघडी असते. त्यांचा आवाज मोकळा, गोड. पण शेजारच्यालाही तुमचं गाणं फुकटात ऐकू येतं. आणि ते बाहेरचा गोंगाट मारणारे, ज्यांच्यावर आपल्या इंजिनिअर मंडळींचा फार जीव. त्यांना विमानाची घरघर छान मारता येते. शेजारी बसलेल्या बाईची बडबड मात्र थोडीफार ऐकू येतेच. हे सांगितलं की बरेच जण हिरमुसायचे.

नांदेडचा एक विद्यार्थी होता, त्याला सायकलवर दोन्ही कान बंद करून धडधडता बेस ऐकायचा होता. मी त्याला म्हटलं, "अरे, मागून बस आली तर तुला कळणार कसं?" तो म्हणाला, "काकू, जर्मनीत बस मागून येऊन धडकत नाही." शेवटी एका कानात घालायचा देऊन त्याला पाठवला. आणि एक बाई होत्या, रोज ट्रेननं न्युर्नबर्गला जाणाऱ्या. त्यांनी प्रचंड मोठा, लाल हेडफोन निवडला आणि वायर कशाला जोडायची हे विचारलंच नाही. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "नाही हो, मला काही ऐकायचं नाहीये. फक्त माझ्याशी कोणी बोलू नये." हेर बाउअर नंतर म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! या बाईंना बरोबर माहीत आहे त्यांना काय हवंय. असं गिऱ्हाईक क्वचित मिळतं."

पण मला सांगायचंय ते अण्णांबद्दल.

संदीप जगताप आमच्या मराठी मंडळातला. मूळ इचलकरंजीचा, इथे मेडिकल मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. बायको पल्लवी, आणि पाच वर्षांची मुलगी सई. एका शनिवारी सकाळी तो वडिलांना घेऊन दुकानात आला. अण्णा उन्हाळ्यापुरते मुलाकडे राहायला आले होते. सत्तरीचे, काटक, पांढरी टोपी, नाकावर जाड चष्मा. आल्या आल्या त्यांनी मला नमस्कार केला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत उभे राहिले. मला वाटलं, परदेशात मराठी बाई दुकानात बघून त्यांना नवल वाटत असेल.

"वहिनी, एक चांगला हेडफोन दाखवा," संदीप म्हणाला. "अण्णा टॅबलेटवर कार्यक्रम बघतात, पण आवाज इतका मोठा ठेवतात की खालच्या आजी दोनदा वर येऊन गेल्या. इथल्या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. दुपारची वामकुक्षी म्हणजे कायदा. पैशाचं बघू नका, तो गोंगाट मारणारा द्या."

"आणि सई काय म्हणते? आजोबा आले म्हणून खूश असेल."

संदीपचा चेहरा जरा पडला. "खूश होती. आता त्यांच्याशी बोलतच नाही. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. अण्णांना जर्मन येत नाही. ती काहीतरी सांगायला जाते, हे नुसते हसतात. मग ती चिडते. परवा पल्लवीला म्हणाली, आजोबांना मी आवडत नाही."

हे तो वडिलांच्या मागे, शेल्फकडे तोंड करून बोलत होता. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते समोरच्या स्पीकरवर बोट फिरवत होते.

शनिवारी दुकानासमोर गाडी फार वेळ लावता येत नाही. संदीप गाडी हलवायला आणि जाताजाता ब्रेड घ्यायला म्हणून बाहेर पडला. मी अण्णांना स्टुलावर बसवलं, टोपी जरा मागे सरकवून त्यांच्या कानांवर एक मऊ गादीचा हेडफोन ठेवला. आमच्याकडे हेडफोन तपासायला हेर बाउअरच्या ठरलेल्या, चर्चमधल्या ऑर्गनच्या तबकड्या होत्या. पण इचलकरंजीच्या माणसाला ऑर्गन काय ऐकवायचा! मी माझ्या फोनवरची एक जुनी लावणी लावली. ढोलकी, पेटी, तुणतुणं आणि चाळांची छुमछुम. त्या छुमछुमीवरून मला हेडफोनची परीक्षा पटकन करता यायची. बारीक, उंच आवाज नीट आले की बाकीचं आपोआप येतं.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मांडीवर बोटं ठेका धरत होती. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला आणि कौतुकानं म्हणाले, "ब्येस हाय. ढोलकी तर अशी पोटात वाजती. पण ताई, यातली घुंगरं काढून टाकलीत व्हय? आजकाल बिनघुंगराची लावणी म्हणत्यात?"

मी हेडफोन माझ्या कानाला लावून बघितला. घुंगरं होती. गाण्याच्या पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत होती.

अण्णांनी माझा चेहरा वाचला. ते हलकेच म्हणाले, "हायती काय त्यात?"

मी मान हलवली.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दाराकडे एकदा बघितलं आणि बोलायला लागले. अख्खं आयुष्य कापड विणणाऱ्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलेलं. आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. एका पत्र्याच्या शेडमध्ये सगळे माग एकदम चालायचे, धोटे इकडून तिकडं आपटायचे. आत कोणाला कोणाचं बोलणं ऐकू येत नसे. सगळे ओठांकडे बघून आणि हाताच्या खुणांनी बोलायचे. त्यांना ती सवयच लागली. त्यामुळे कान कधी गेले ते त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही.

"जाड आवाज येतोय. गडी माणूस बोलला की समजतंय. बायामाणसांचं ओठ बघून समजतंय. तुमचंबी समजतंय," ते म्हणाले. "पण ही बारकी पोरगी... तिचा आवाज म्हंजे चिमणीगत. आन् ओठ बघावं तर भाषा येगळी. काय वाचू मी तिच्या तोंडावर?"

आता मला कळलं, हा माणूस आल्यापासून माझ्या तोंडाकडे का बघत होता.

"घरी कोणालाच माहीत नाही?"

"मंडळींना म्हाईत होतं. म्हंजे संदीपच्या आईला. ती शेजारी बसायची आन् समद्यांचं बोलणं माझ्याकडं तोंड करून परत म्हणायची. लोकांना वाटायचं, बाईला दोनदा बोलायची खोड हाय." ते किंचित हसले. "ती गेली आन् मी एकदम बहिरा झालो बगा."

मी म्हटलं, "अण्णा, संदीपला सांगा. इथे कान तपासणारे चांगले लोक आहेत. यात लाजण्यासारखं काय आहे?"

त्यांनी घाईघाईनं हात हलवला. "न्हाई न्हाई. तेवढं नगा करू. लाज न्हाई ओ. पण त्याला वाटंल, माझ्या शिक्षणापायी बाप शेडमध्ये राबला आन् कान घालवून बसला. त्यो तसलाच हाय, मनाला लावून घेतोय. परक्या मुलखात एकटा ऱ्हातोय, कशाला त्याच्या जिवाला घोर?"

गिऱ्हाइकाचा कान हा गिऱ्हाइकाचा असतो, ही आमच्या दुकानाची रीत. त्यानं सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल घरच्यांशीसुद्धा बोलायचं नाही. मी गप्प बसायचं कबूल केलं. पण त्या माणसाला गोंगाट मारणारा हेडफोन विकणंही शक्य नव्हतं. आधीच अर्धं जग गेलेल्या माणसाचं उरलेलं बंद करून कसं चालेल?

"एक कराल का?" मी विचारलं. "पुढच्या शनिवारी सईला घेऊन या."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "बगू," म्हणाले.

संदीप परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं की हवा तसा नग सध्या दुकानात नाही, पुढच्या आठवड्यात या. आणि सईलाही आणा, लहान मुलांचे हेडफोन आलेत, बघेल ती. यातलं दुसरं वाक्य तरी खरं होतं.

दुपारी हेर बाउअरना मी नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आल्झो, म्हणजे या माणसाला हेडफोन नको आहे. त्याला कानाची तपासणी हवी आहे."

"हो. पण तो तयार नाही."

"मग त्याला तयार होण्यासाठी कारण हवं आहे," असं म्हणून ते मागच्या खोलीत गेले आणि काड्यापेटीपेक्षा जरा मोठी एक डबी घेऊन आले. तिला एक छोटा मायक्रोफोन होता, हेडफोन जोडायला भोक होतं, आणि दोन चक्र्या. एक आवाज वाढवायची, दुसरी बारीक सूर वर काढायची. टीव्ही ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी अशा डब्या पूर्वी खपायच्या. आता कोणी विचारत नव्हतं. हेर बाउअरनी मायक्रोफोनची आखूड वायर कापून तिला चांगली लांबलचक वायर डाग देऊन जोडली. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे वाढणार नाही, हेही बघून ठेवलं. उरलेला कान जपायला हवा होता.

पुढच्या शनिवारी तिघंही आले. सई पुढे, डोक्यावर सायकलचं हेल्मेट तसंच, गाल फुगवलेले. अण्णा तिच्यापासून जरा अंतर राखून, पाहुण्यांनी यजमानाच्या कुत्र्यापासून राखावं तसे. संदीप दोघांच्या मध्ये.

मी अण्णांना स्टुलावर बसवलं, हेडफोन घातला, डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. "बघा हं, नको वाटलं तर लगेच काढायचा," मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं. त्यांनी क्षणभर संदीपकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान डोलावली. संदीपला ही हेडफोनचीच चाचणी वाटली असावी. मी चक्री हळूहळू फिरवत नेली. दुकानातलं घड्याळ, कागदाची सळसळ, असं काहीबाही त्यांच्या कानात शिरत असावं, कारण ते मान वळवून वळवून बघायला लागले.

मग मी मायक्रोफोन सईच्या हातात दिला. "बोल आजोबांशी."

तिनं खांदे उडवले. जर्मनमध्ये म्हणाली, "त्यांना माझं कळतच नाही."

"नाही कळलं तर नाही. तू नुसतं नाव सांग. रेडिओवरच्या बाईसारखं."

रेडिओची कल्पना तिला आवडली. तिनं हेल्मेट सारखं केलं, मायक्रोफोन अगदी तोंडाजवळ धरला आणि जाहीर केलं, "हालो! इख बिन थई!"

अण्णा दचकले. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. ते तिच्याकडे वाकून म्हणाले, "थई? अगं थई काय? सई म्हण, सई!"

"थई!"

"आरं संदीप!" अण्णा हसता हसता ओरडले. हेडफोन घातलेला माणूस ओरडतोच. "ही पोरगी बोबडी बोलती की रं! 'स'ला 'थ' म्हणती! ऐकलंस व्हय?"

संदीप हसायला लागला होता, तो मधेच थांबला.

"अण्णा," तो म्हणाला, "ती पहिल्यापासून असंच बोलते. आम्ही घरात सगळेच तिला थई म्हणतो. पल्लवी म्हणते, मी म्हणतो. रोज. तुम्ही येऊन महिना होत आला. तुम्हाला हे आत्ता कळलं?"

 हेर बाउअरना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण ते गुपचूप दारापाशी गेले आणि 'बंद आहे'ची पाटी फिरवून आले.

अण्णांनी हेडफोन मानेवर उतरवला. "मागाचा कान हाय रे," ते म्हणाले. "शेडमधला. म्हातारपणात असायचंच."

"कधीपासून?"

"हाय बरीच वर्सं."

"मी कॉलेजला होतो तेव्हापासून?"

अण्णा चष्मा काढून पुसायला लागले. संदीप बाजूच्या खोक्यावर बसला. मला वाटलं आता हा रडणार. त्यानं विचारलं, "आईला माहीत होतं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "म्हणजे ती सगळं दोनदा बोलायची ते... अण्णा, मी तिला किती चिडवायचो त्यावरून. तुम्ही शेड सोडायची होती. माझ्या फीसाठी..."

"हां, हेच नगं होतं मला," अण्णा म्हणाले. उठून ते पोराजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐक. आमची आख्खी शेड बहिरी हाय. त्यातल्या समद्यांची पोरं काय जर्मनीला गेली न्हाईत. कान तसंबी जाणार हुतं, असंबी जाणार हुतं. माझं निदान कामी आलं."

संदीपनं मान खाली घातली. सईला या सगळ्यात स्वतःची पाळी गेल्यासारखं वाटत होतं. ती बापाच्या गुडघ्यावर मायक्रोफोन आपटत जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, आता तू बोल!"

अण्णांनी हेडफोन पुन्हा कानावर चढवला आणि थांबले. संदीपनं मायक्रोफोन हातात घेतला.  इतक्या वर्षांत न ऐकलेलं किती साठलं असेल, त्यातलं कुठून सुरू करणार? शेवटी तो घसा साफ करून म्हणाला, "अण्णा, चहा घेणार?"

"घेतो की," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी अण्णांसाठी निवडलेला हेडफोन आमच्या दुकानातल्या साध्यातल्या साध्यांपैकी होता. वजनाला हलका, चष्म्याच्या काडीवर न दाबणारा, टोपीवरूनही नीट बसणारा. संदीपच्या मनातला महागडा डबा शेल्फवरच राहिला. पुढच्याच आठवड्यात संदीपनं त्यांच्या कानांची तपासणी करवून घेतली. कानातली यंत्रं कोल्हापूरलाच बसवायची असं ठरलं, म्हणजे दुरुस्तीला, पुन्हा जुळवायला जवळ पडेल. पुढे ती बसवली आणि चांगली लागू पडली, असं संदीपकडून कळलं. तोवर उन्हाळाभर ही डबीच.

आता आमचं दुकान नाही. हेर बाउअर निवृत्त झाले, मुलगा दुसऱ्या व्यवसायात. शेवटी शेवटी लोक दुकानात यायचे, हेडफोन घालून बघायचे आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवायचे. फोनना तर वायर जोडायला भोकही राहिलं नाही. मला याचा राग नाही, पण हळहळ वाटते. घरबसल्या सगळं मिळतं, फक्त तुमच्या कानाकडे बघून "कुठे बसून ऐकणार?" असं विचारणारं कोणी नसतं.

त्या उन्हाळ्यात, अण्णा परत जायच्या जरा आधी, मी संध्याकाळी गावातल्या जुन्या राजवाड्यामागच्या बागेतून घरी निघाले होते. झाडांखालच्या वाटेवर मला ते दोघं दिसले. अण्णांच्या टोपीवरून हेडफोन, सईच्या फ्रॉकच्या गळ्याला चिमट्यानं लावलेला मायक्रोफोन, आणि दोघांच्या मध्ये ती लांब वायर. वायर होती म्हणून दोघांना एकमेकांजवळून चालावं लागत होतं. सई अखंड जर्मनमध्ये बोलत होती. मधेच एक शब्द माझ्या कानावर आला, खार. अण्णा अधूनमधून "बरं!", "मग?", "आरं तिच्या!" असं म्हणत होते, आणि प्रत्येक 'मग?'ला तिला नवा हुरूप येत होता.

मी समोर जाऊन उभी राहिले. "काय अण्णा, काय सांगतेय नात?"

"काय की ओ," ते म्हणाले. "एक अक्षर समजत न्हाई." आणि त्या खिशातल्या डबीवर हात ठेवून, मोठं गुपित सांगावं तसं पुढे म्हणाले, "पण समदं ऐकू येतंय."

तेवढ्यात सईला झाडावर काहीतरी दिसलं. तिनं वायरीला हिसका दिला, आणि अण्णा "आलो आलो" म्हणत तिच्या मागं निघाले.